सुट्या भागांतील सुसंगती : घरी जुळविलेल्या गेमिंग संगणकाचा इतिहास (१९७५ ते २०२२)

प्रस्तावना :

आपला पहिला गेमिंग संगणक स्वतः घरी जुळवू पाहणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न वेगाचा नसतो; कोणता भाग कोणत्या भागाशी जुळेल, हा असतो. प्रोसेसर मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये बसेल काय, रॅम योग्य पिढीची आहे काय, ग्राफिक्स कार्डास पुरेशी वीज मिळेल काय आणि ते कॅबिनेटमध्ये मावेल काय, या प्रश्नांची उत्तरे चुकली तर महिनोन्महिने साठविलेली रक्कम टेबलावर निरुपयोगी होऊन पडते. हे प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतात. तथापि त्यांच्यामागे सुमारे अर्ध्या शतकाचा औद्योगिक, कायदेविषयक व सामाजिक इतिहास आहे. निरनिराळ्या देशांतील, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी बनविलेले सुटे भाग एका सामान्य ग्राहकाच्या हातून एकत्र येतात आणि चालू लागतात, ही गोष्ट आपोआप घडून आलेली नाही.

प्रस्तुत निबंधात या सुसंगतीचा विकास कालक्रमाने पाहिला आहे. सुसंगती हा वस्तूचा अंगभूत गुण नसून तो उत्पादक, प्रतिस्पर्धी आणि ग्राहक यांच्यातील संघर्षातून घडलेला करार आहे, आणि त्या कराराच्या प्रत्येक अटीमागे कोणाचे तरी नुकसान दडलेले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी सुसंगतीचे चार स्तर मानले आहेत : आकाराची सुसंगती, विजेची सुसंगती, तर्काची म्हणजे आज्ञावली व संकेतांची सुसंगती, आणि कार्यक्षमतेचा समतोल. भाग जागेवर बसला म्हणजे तो जुळला असे नव्हे, हे या चार स्तरांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

१. संचाचा काळ : आल्टेअर आणि शंभर टोकांची जोडणी

घरी जुळविण्याच्या संगणकाची परंपरा सामान्यतः जानेवारी १९७५ पासून मोजली जाते. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या त्या महिन्याच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ हा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्क येथील ‘मिट्स’ या छोट्या कंपनीने एड रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली तो तयार केला होता. इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर आणि अवघी २५६ बाइट स्मृती असलेला हा संच ४०० डॉलरांहून कमी किमतीस मिळे. ग्राहकाने सोल्डरिंगची कांडी हाती घेऊन तो स्वतः जोडावयाचा असे. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली, ती या संचाच्या कुतूहलापोटीच.

आल्टेअरमधील कार्डे शंभर टोकांच्या एका सामाईक जोडणीवर बसत. तिला पुढे ‘एस-१००’ हे नाव मिळाले. मिट्सने स्वतः पुरविलेली स्मृतीची कार्डे बेभरवशाची ठरली, तेव्हा ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ या नव्या कंपनीने त्याच जोडणीत बसणारी अधिक खात्रीची कार्डे बाजारात आणली. एकाने बनविलेल्या यंत्रात दुसऱ्याने बनविलेला भाग बसविण्याची प्रथा येथून रुजली. मूळ उत्पादकास ती रुचली नाही. मिट्सने आपली बेसिक भाषा आपल्याच कार्डांबरोबर घेणाऱ्यास स्वस्त आणि नुसती घेणाऱ्यास पुष्कळ महाग ठेवली. ग्राहकास आपल्याच भागांशी बांधून ठेवण्याचा हा डाव वैयक्तिक संगणकाच्या जन्माबरोबरच सुरू झाला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

एस-१०० जोडणीचे नियम आरंभी कोणी लिहून ठेवलेले नव्हते. मिट्सने जे केले तेच प्रमाण मानावे लागे. त्यामुळे दोन कंपन्यांची कार्डे एकाच खोबणीत व्यवस्थित बसत, परंतु एकाच टोकाचा अर्थ दोघींनी निराळा लावलेला असे. विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या ‘आय ट्रिपल ई’ या संस्थेने या जोडणीस ‘६९६’ क्रमांकाचे अधिकृत प्रमाण म्हणून मान्यता दिली ती १९८३ मध्ये. तोवर बाजार दुसरीकडे वळला होता.

२. खुली रचना आणि बंद बायोस : १९८१ ते १९८८

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक, मॉडेल ५१५०, जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने तो सुमारे वर्षभरात सिद्ध केला होता. एवढ्या अल्पावधीत सर्व भाग स्वतः घडविणे शक्य नसल्याने प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची आणि इतर पुष्कळ भाग बाजारात मिळणारे, अशी रचना स्वीकारण्यात आली. संगणकात वाढीव कार्डांसाठी पाच स्लॉट होते. मंडलांचे आराखडे आणि बायोसची संपूर्ण संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापून विक्रीस ठेवण्यात आली. या खुलेपणास औदार्य समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. आराखडे खुले असले तरी बायोसवर आयबीएमचा स्वामित्व हक्क होता आणि तोच या वाड्याचा दिंडीदरवाजा होता.

तो दरवाजा कॉम्पॅकने कायद्याच्या मार्गाने उघडला. आयबीएमची संहिता न पाहिलेल्या अभियंत्यांकडून केवळ कार्याच्या वर्णनावरून नवा बायोस लिहवून घेण्यात आला. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला कॉम्पॅकचा सुवाह्य संगणक आयबीएमसाठी लिहिलेल्या आज्ञावली चालवू शकत होता. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असाच स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस इतर उत्पादकांना विकण्यास आरंभ केला आणि तद्रूप संगणकांचा बाजार सर्वांना खुला झाला. एखादा संगणक आयबीएमशी खरोखर सुसंगत आहे की नाही, हे ठरविण्याची त्या काळची व्यवहारातील कसोटी मोठी बोलकी होती : त्यावर ‘लोटस १-२-३’ ही हिशेबाची आज्ञावली आणि मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ चालला पाहिजे. यंत्रसामग्रीशी थेट बोलणाऱ्या या आज्ञावली लहानसा फरकही खपवून घेत नसत. खेळ हा सुसंगतीचा परीक्षक ठरण्याची परंपरा अशी १९८० च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाली.

खेळांनी या काळात आणखी एक अडचण उघड केली. काही खेळांचा वेग मूळ प्रोसेसरच्या ४.७७ मेगाहर्ट्झ या गतीवर अवलंबून होता. अधिक वेगवान संगणकावर ते इतके भरधाव धावत की खेळणे अशक्य होई. म्हणून पुढील पिढ्यांच्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचे बटन आले. नावाच्या अगदी उलट, त्याचा खरा उपयोग संगणक मंद करण्यासाठी होत असे.

१९८७ मध्ये आयबीएमने ‘पीएस/२’ मालिकेबरोबर ‘मायक्रो चॅनेल’ ही नवी जोडणी आणली. ती तांत्रिकदृष्ट्या सरस होती, परंतु जुनी कार्डे तीत बसत नसत आणि ती वापरण्यासाठी इतर उत्पादकांना परवाना घ्यावा लागे. कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये ‘ईसा’ या पर्यायी, जुन्या कार्डांनाही सामावून घेणाऱ्या जोडणीची घोषणा केली. ईसाचा प्रसार मर्यादित राहिला, पण मायक्रो चॅनेलही सर्वमान्य झाली नाही. प्रमाण घालून देणारी कंपनी स्वतःच्या प्रमाणाची मालक राहिलेली नव्हती, हा या प्रसंगाचा इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा अर्थ होय.

३. जंपरचा काळ : चुकीची किंमत

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुटे भाग घेऊन संगणक जुळविणाऱ्यास आजच्या मानाने फार मोठी जोखीम पत्करावी लागे. जुन्या एटी पद्धतीच्या एसएमपीएसमधून मदरबोर्डाकडे जाणारी वीज दोन सारख्या दिसणाऱ्या जोडण्यांतून जाई. त्या शेजारी शेजारी बसवावयाच्या असत आणि त्यांची अदलाबदल झाल्यास मदरबोर्ड जळण्याचा धोका असे. काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, हा नियम तोंडी सांगितला जाई आणि प्रत्येक नवशिक्याला तो पाठ करावा लागे.

ध्वनीकार्डाचा प्रश्न वेगळ्या स्तरावरचा होता. कार्डास प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक व्यत्ययरेषा, एक पत्ता आणि स्मृतीशी थेट व्यवहाराचा एक मार्ग लागे. एटी रचनेत व्यत्ययरेषा सोळा होत्या आणि त्यांपैकी बहुतेक आधीच गुंतलेल्या असत. कार्डावरील जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी बारीक टोपी, हलवून मोकळी रेषा निवडावी लागे आणि खेळाच्या मांडणीतही तोच क्रमांक द्यावा लागे. दोन कार्डांनी एकच रेषा धरली तर खेळ सुरू होताच संगणक गोठे. भाग बसलेला, वीज मिळालेली, आणि तरीही संगणक मुका, अशी ही तर्काच्या स्तरावरील विसंगती होती.

विजेच्या स्तरावरही नवे पेच उद्भवले. १९९३ चे पहिले पेंटियम प्रोसेसर ५ व्होल्टांवर चालत. नंतरचे सुमारे ३.३ व्होल्टांवर आले. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एमएमएक्स पेंटियमच्या गाभ्यास २.८ व्होल्ट आणि बाह्य जोडण्यांस ३.३ व्होल्ट अशी दुहेरी वीज लागे. ‘सॉकेट ७’मध्ये तो सहज बसे, पण दुहेरी विजेची सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर त्याच्या गाभ्यास गरजेपेक्षा अधिक व्होल्ट मिळत. आकार जुळला म्हणजे झाले, ही समजूत प्रोसेसरच्या जिवावर बेतणारी होती.

इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेली पीसीआय जोडणी आणि ऑगस्ट १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५ ही कार्यप्रणाली यांनी हा भार पुष्कळसा हलका केला. रेषांचे व पत्त्यांचे वाटप आता यंत्रणाच करू लागली. त्याच वर्षी इंटेलने ‘एटीएक्स’ हे मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस यांच्या मापांचे प्रमाण प्रसिद्ध केले. पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा ठरलेल्या, आणि विजेची वीस टोकांची एकच जोडणी, जी उलटी बसूच शकत नाही. काळ्या तारांचा तोंडी नियम प्लॅस्टिकच्या आकारात उतरला. ज्ञान माणसाच्या स्मरणातून वस्तूच्या घडणीत गेले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

४. खेळांनी घडविलेला बाजार

डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ हा खेळ प्रसृत झाला. त्यास किमान ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट रॅम लागे. खेळाच्या डब्यावर छापलेली किमान गरज ही येथून पुढे घरगुती संगणक वाढविण्यामागील मोठी प्रेरणा झाली. जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला आणि त्याने समतोलाचा प्रश्न ऐरणीवर आणला. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसे, कार्यालयीन कामांत चांगला चाले आणि स्वस्तही पडे. परंतु क्वेकचे त्रिमितीय गणित दशांशी आकडेमोडीवर आधारलेले होते आणि त्या आकडेमोडीत सायरिक्स दुबळा होता. आकार, वीज व तर्क या तिन्ही कसोट्यांवर उतरलेला भागही विवक्षित कामासाठी अयोग्य ठरू शकतो, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची ‘व्हूडू’ चकती घेतलेली त्रिमितीय कार्डे बाजारात आली. हे कार्ड नेहमीचे द्विमितीय चित्र दाखवूच शकत नसे. त्यासाठी संगणकात दुसरे कार्ड असावे लागे आणि त्याचे चित्र एका बाह्य तारेने व्हूडूमधून पडद्याकडे न्यावे लागे. त्यावर उत्तम चालणारे खेळ ‘ग्लाइड’ या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले असत आणि ती भाषा इतरांची कार्डे बोलत नसत. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये आणलेली डायरेक्टएक्स ही सर्व कार्डांसाठीची सामाईक पद्धती हळूहळू प्रबळ झाली. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले. केवळ ग्लाइडसाठी लिहिलेले खेळ नव्या कार्डांवर चालविण्यास अनुवादक आज्ञावलींचा आधार घ्यावा लागला. आयबीएमच्या मायक्रो चॅनेलचा धडा येथे पुन्हा गिरविला गेला.

५. खाचेची भाषा

१९९७ नंतरच्या काळात विसंगती टाळण्यासाठी भागांवरील खाच हे प्रमुख साधन झाले. रॅमच्या पिढ्यांत हे स्पष्ट दिसते. डीडीआरची १८४ टोके व २.५ व्होल्ट, डीडीआर २ व डीडीआर ३ या दोहोंची प्रत्येकी २४० टोके, परंतु अनुक्रमे १.८ व १.५ व्होल्ट, डीडीआर ४ व डीडीआर ५ यांची प्रत्येकी २८८ टोके, परंतु १.२ व १.१ व्होल्ट. टोकांची संख्या सारखी असतानाही खाचेची जागा मुद्दाम बदललेली आहे. ती खाच म्हणजे उत्पादकाने प्लॅस्टिकमध्ये लिहिलेला मनाई हुकूमच होय.

तथापि खाच नेहमीच खरे बोलत नाही. ग्राफिक्स कार्डांसाठी आलेल्या एजीपी स्लॉटची आरंभीची आवृत्ती ३.३ व्होल्टांची, तर १९९८ ची १.५ व्होल्टांची होती. दोहोंच्या खाचा वेगळ्या असूनही काही कार्डांवर चुकीची खाच पाडलेली असे आणि त्यांनी मदरबोर्डांचे नुकसान केले. एएमडीने १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी वापरलेला ‘स्लॉट ए’ हा इंटेलच्या ‘स्लॉट १’चाच यांत्रिक भाग होता, केवळ उलटा फिरवून बसविलेला, विजेच्या दृष्टीने दोहोंत काहीच साम्य नव्हते. २०१७ मध्ये आलेले इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०१५ च्याच ‘एलजीए ११५१’ या नावाच्या सॉकेटमध्ये बसत, पण १०० व २०० मालिकेच्या चिपसेटवर अधिकृतपणे चालत नसत. त्यांना ३०० मालिकेचा मदरबोर्ड लागे. सॉकेटचे नाव पाहून खरेदी करणाऱ्याची येथे फसगत होत असे.

याच्या उलट उदाहरण एएमडीच्या ‘एएम ४’ सॉकेटचे आहे. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० च्या रायझन ५००० मालिकेपर्यंत हा सॉकेट टिकला. परंतु जुन्या मदरबोर्डाने नवा प्रोसेसर ओळखावा यासाठी बायोस अद्ययावत करावा लागे, आणि बायोस अद्ययावत करण्यासाठी आधी चालणारा प्रोसेसर लागे. ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ अशी ही गत होती. २०१८ मध्ये एएमडीने अशा ग्राहकांना तात्पुरता जुना प्रोसेसर पाठविण्याची योजना राबविली. पुढे अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस बदलण्याचे बटन आले. दीर्घायुषी सॉकेटमुळे ग्राहकाचा पैसा वाचतो, पण त्याच्यावरील माहितीचा भार वाढतो, असा हा विरोधाभास आहे.

६. भारतीय संदर्भ : लॅमिंग्टन रोडचा ‘असेंबल्ड’

भारतात हा इतिहास काहीसा उशिरा आणि निराळ्या वाटेने आला. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला होता. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले, १९९१ नंतर बाजार अधिक खुला झाला आणि १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यावर संगणक व त्याच्या भागांवरील आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. या परिस्थितीत मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस, चेन्नईतील रिची स्ट्रीट अशा सुट्या भागांच्या बाजारपेठा भरभराटीस आल्या.

मराठी मध्यमवर्गाच्या बोलीत ‘ब्रँडेड’ आणि ‘असेंबल्ड’ असे संगणकाचे दोन वर्ण तयार झाले. असेंबल्ड संगणक स्वस्त पडे, दुरुस्त करता येई आणि हप्त्याहप्त्याने वाढविता येई. त्याची जुळवणी मात्र बहुधा ग्राहक करीत नसे. ती दुकानदार किंवा त्याचा कारागीर करी. त्यामुळे सुसंगतीचे ज्ञान दुकानाच्या गल्ल्यामागे राहिले. ग्राहकाच्या हाती पडे ते भागांची नावे व किमती लिहिलेले कोटेशन. प्रोसेसर व रॅम यांचे आकडे त्यात ठळक असत. एसएमपीएस हा स्वतंत्र भाग म्हणूनही पुष्कळदा येत नसे, तो कॅबिनेटबरोबरच मिळे. विजेचा दाब कमीअधिक होणाऱ्या आणि भारनियमन अनुभवणाऱ्या प्रदेशात सर्वांत कमी लक्ष एसएमपीएसकडे दिले जावे, ही या बाजाराची मोठी उणीव होती. त्या काळच्या अनेक एसएमपीएसच्या पाठीमागे ११५ व २३० व्होल्टांत निवड करणारी लाल कळ असे. भारतातील २३० व्होल्टांच्या विजेवर ती ११५ वर राहिली, तर चालू करताच एसएमपीएस जळे. आकाराची पूर्ण सुसंगती आणि विजेची पूर्ण विसंगती यांचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

घरी स्वतः संगणक जुळविणे याचा अर्थ भारतीय संदर्भात केवळ छंद असा होत नाही. दुकानाच्या गल्ल्यामागील ज्ञान ग्राहकाने आपल्याकडे घेणे, असा त्याचा सामाजिक आशय आहे.

७. निवडीचा क्रम : इतिहासातून आलेला विवेक

उपरोक्त इतिहास ध्यानी घेतला, तर पहिला गेमिंग संगणक जुळविणाऱ्याने कोणत्या क्रमाने विचार करावा हे स्पष्ट होते. आरंभ प्रोसेसरपासून नव्हे, तर खेळ व पडदा यांपासून करावा. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. हा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. म्हणून आधी पडदा, मग त्यास साजेसे कार्ड, मग त्या कार्डास अडखळू न देणारा प्रोसेसर, असा क्रम योग्य ठरतो. सायरिक्सचा धडा तो हाच.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्डाच्या बाबतीत सॉकेट, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती या तिन्ही गोष्टी पाहणे आवश्यक आहे. एलजीए ११५१ व एएम ४ यांच्या उदाहरणांवरून केवळ सॉकेट पुरेसा नाही हे दिसून आलेच आहे. रॅमची पिढी मदरबोर्ड ठरवितो. २०२२ च्या एएम ५ मंचावर तर केवळ डीडीआर ५ चालते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर घेऊन पडद्याची तार मदरबोर्डास जोडल्यास पडदा काळा राहतो आणि नवशिक्यास संगणक बिघडला असे वाटते. साठवणीच्या एम.२ स्लॉटमध्ये साटा आणि एनव्हीएमई अशा दोन पद्धतींची साधने येतात. प्रत्येक स्लॉट दोन्ही स्वीकारतोच असे नाही, आणि काही मदरबोर्डांवर एक एम.२ स्लॉट वापरला की एखादी साटा जोडणी बंद पडते. या गोष्टी मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. खरेदीपूर्वी ती पुस्तिका वाचणे, ही सर्वांत स्वस्त खबरदारी होय.

विजेचा विचार शेवटी नव्हे, तर कार्डाबरोबरच करावा. २००४ पासून मदरबोर्डांवर आलेल्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डास ७५ वॅटपर्यंत वीज मिळते; सहा टोकांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ टोकांच्या जोडणीतून १५०. १९८१ च्या आयबीएम संगणकाचा संपूर्ण वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता, तर २०२२ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकट्या कार्डाची गरज ४५० वॅट, म्हणजे त्याच्या सातपट आहे. त्या कार्डासाठीच्या सोळा टोकांच्या नव्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज वाहू शकते. ती पुरती आत न बसल्यास तापून वितळल्याच्या घटना २०२२ च्या अखेरीस पुढे आल्या, आणि २०२३ मध्ये तिची सुधारित रचना काढण्यात आली. तीत जोडणी अर्धवट बसली असता वीज घेऊ न देणारी टोके आखूड करण्यात आली. काळ्या तारांच्या काळापासूनचा क्रम येथे जसाच्या तसा दिसतो : आधी नुकसान, मग नियम, मग नवी खाच.

अखेरीस कॅबिनेट. मदरबोर्डाचा आकार, कार्डाची लांबी, प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि हवेचा मार्ग, ही मापे कागदावर मांडूनच ते घ्यावे. मदरबोर्डाखालील पितळी आधार चुकीच्या छिद्रात राहिला तर मंडलाच्या पाठीस धातू टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. एटीएक्स प्रमाणाने छिद्रांच्या जागा ठरविल्या, आधार योग्य जागी लावण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

समारोप :

१९७५ ते २०२२ या काळातील घडामोडींवरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सुट्या भागांची सुसंगती ही कोणा एका कंपनीची देणगी नव्हे. घाईने स्वीकारलेली खुली रचना, कायद्याच्या चौकटीत केलेले अनुकरण, आणि बंदिस्त प्रमाणे नाकारणारे प्रतिस्पर्धी व ग्राहक, यांच्या एकत्रित परिणामातून ती उभी राहिली. दुसरा असा की, ज्ञान सातत्याने माणसाकडून वस्तूकडे सरकत गेले. जंपरच्या जागी बायोस आला, तोंडी नियमाच्या जागी खाच आली. परंतु हे सरकणे कधीच पूर्ण झाले नाही. प्रत्येक नव्या पिढीने जुनी जोखीम मिटविताना नवी जोखीम निर्माण केली. तिसरा असा की, खेळाला हलकी करमणूक समजून संगणकाच्या इतिहासातून वगळणे योग्य नाही. फ्लाइट सिम्युलेटरपासून क्वेकपर्यंत खेळांनीच सुसंगतीची सर्वांत कठोर परीक्षा घेतली.

या इतिहासात पणास लागलेली गोष्ट केवळ एका संगणकाची किंमत नाही. सुटा होऊ शकणारा भाग बदलता येतो, दुरुस्त करता येतो, दुसऱ्या उत्पादकाकडून घेता येतो. रॅम मंडलावरच पक्की जोडलेली असलेल्या संगणकांत हा अधिकार ग्राहकाकडे उरत नाही. मिट्सने १९७५ मध्ये आपल्या कार्डांशी ग्राहकास बांधण्याचा जो यत्न केला, त्याचेच हे अधिक परिपूर्ण रूप म्हणता येईल. अशा यंत्रांचे लाभही आहेत. ती सडपातळ असतात, वीज कमी घेतात आणि विसंगतीचा प्रश्नच उरू देत नाहीत. मात्र तो प्रश्न ग्राहकाच्या वतीने दुसऱ्याने सोडविलेला असतो आणि उत्तर बदलण्याची मुभा त्यास नसते. घरी पहिला संगणक जुळविणारा तरुण पुस्तिका उघडून खाच, टोके व व्होल्ट पडताळून पाहतो, तेव्हा तो तो प्रश्न पुन्हा आपल्या हाती घेत असतो.